प्लायवूडच्या बोटीतले राणी कलरचे हात

आत्ताच्या आत्ता सांगायचंय. डबा समोर उघडा पडलाय, भेंडी गार झाली, पण हे लिहिल्याशिवाय घास काही उतरायचा नाही. फोनवरनं टाईप करतेय, चुका होतील, सोडून द्या. आत्ता एक कॉल येऊन गेला आणि त्यानंतर मी नुसती बसलेय... ऑफिसात दुसरं कोणी नाहीये, नाहीतर त्यांनाच सांगितलं असतं.

आधी एक क्लिअर करते. मी यातलं काही मानत नाही. म्हणजे नव्हते मानत... आताही काय मानते ते मला माहीत नाही. मी प्रज्ञा, पिंपरीची. पप्पा कंपनीतून रिटायर झालेत आणि दर रविवारी विहारात जाऊन सगळ्यांना एकच सांगतात, की आधी तपासा, मग माना. लहानपणी मी एकदा झाडावर काहीतरी पांढरं दिसलं म्हणून बोंबलत घरी आले होते, तर त्यांनी दंडाला धरून मला परत त्याच झाडाखाली नेलं. दुधाची पिशवी अडकली होती. असं आमचं घर. हा भुताटकीच्या अनुभवांचा ग्रुप मी टाइमपास म्हणून वाचते. लोकांच्या अनुभवाखाली 'झोप पूर्ण घेत जा' अशी कमेंट टाकणारी ती मीच.

तर. मी एका यॉट डिझाइन स्टुडिओत काम करते. हसून घ्या. सगळेच हसतात. 'पिंपरी-चिंचवडला समुद्र कधी आला?' हा जोक मला रिक्षावाल्यापासून सख्ख्या मावशीपर्यंत सगळ्यांनी मारलाय. ऑफिस थेरगावात, डांगे चौकातून आत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही. घरचाच धंदा आहे. अण्णा म्हणजे मालक, मूळचे पुनावळ्याचे, शेतकरी घर. पण ते कंपनीच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंडाचा पार्ट ओतायच्या आधी तो हुबेहूब लाकडात बनवायचा, ते काम. तिथून कधीतरी पवना धरणावर चालवायला हौसेनं एक होडी केली, आणि लागलं वेड. त्यांची मुलगी मृणालताई बोटींचं इंजिनियरिंग शिकून आली. मुलगा निखिलदादा आतलं फर्निचर वगैरे आणि क्लायंटशी गोड बोलणं बघतो. आणि मी कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करते. झाला स्टुडिओ.

बोट आम्ही बांधत नाही, ती बांधतात कोकणातल्या यार्डात. आम्ही ड्रॉइंग देतो. पण ड्रॉइंग यार्डात जायच्या आधी अण्णांचा नियम आहे, 'बिऱ्हाड' करायचं.

हे नीट सांगते, कारण सगळं यावरच आहे. चाकणला आमची एक शेड आहे. तिथं बोटीच्या आतला भाग फुल साइझमध्ये प्लायवूडचा उभा करतो. झोपायच्या जागा, टेबल, ओटा, बाहेर पडायच्या पायऱ्या, सगळं. आतून पांढरा प्रायमर. आणि मग एक अख्खा दिवस आम्ही सगळे, क्लायंटसकट, त्यात राहतो. तिथंच चहा, तिथंच स्वयंपाक, तिथंच दुपारची झोप. आणि सगळ्यांनी तळहाताला रंग लावायचा! खोबरेल तेलाचं बोट, वर टाल्कम पावडरमध्ये मिसळलेला रांगोळीचा रंग. प्रत्येकाचा वेगळा. कारण बोटीत माणूस सारखा कशाला ना कशाला धरूनच असतो, पण कुठं धरतो हे त्याला विचारून कळत नाही. हात आपोआप जातो. संध्याकाळी आत दिवा धरून बघायचं, जिथं ठशांची गर्दी असेल तिथं धरायला दांडी बसवायची. झालं.

बिऱ्हाड कायम गुरुवारी. कारण गुरुवारी तिथल्या सगळ्या कारखान्यांना सुट्टी. शेजारी पत्रा ठोकायचं प्रेस शॉप आहे, ते चालू असलं की दिवसभर जमीन धाडधाड करते. गुरुवारी सगळं शांत. हेही लक्षात ठेवा, कारण सगळ्यात आधी 'शेजारचं मशीन असेल' असंच तुम्ही म्हणणार आहात. मीही म्हटलं होतं.

तर विजयकाका आणि सुनंदाकाकू. निगडी प्राधिकरणातलं जोडपं, दोघं रिटायर. काकांना आयुष्यभर शिडाच्या बोटींचा नाद. आता स्वतःची करायची आणि वर्षातले निम्मे महिने किनाऱ्या-किनाऱ्यानं तिच्यातच राहायचं, हे त्यांचं स्वप्न. आणि काकूंना काचबिंदू. कडेची सगळी नजर गेलेली, मधली तेवढी शिल्लक. 'नळीतनं बघितल्यासारखं दिसतं गं,' म्हणायच्या. ती नळीही बारीक होत चाललेली, आणि रंग तर बरेचसे एकसारखेच दिसायचे.

पहिल्या मीटिंगला काका जोरात समजावत होते.

"अगं, घरापेक्षा सोपं आहे. घरात दहा दारं, दहा उंबरे. बोटीत एकच वाट. पुढून मागं आणि पायऱ्या चढून बाहेर."

"एकच वाट आहे तीच तर भीती आहे," काकू म्हणाल्या. "ती नाही सापडली तर?"

"मी आहे ना!"

"तुम्ही नसलात तर, असं विचारतेय मी."

गोड बोलणारा निखिलदादाच उठून चहा सांगायला गेला, म्हणजे बघा. मग काकू म्हणाल्या, "तुमचं ते बिऱ्हाड होऊ दे. त्या दिवशी सांगते येणार की नाही. नाही म्हटलं तर मात्र परत हा विषय घरात काढायचा नाही." काकांनी मान हलवली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता राव. काकू नाही म्हणाल्या असत्या तर ते एकटे गेले नसते, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

म्हणून त्या गुरुवारी आम्ही जरा जास्तच हसत-खिदळत होतो. अण्णा दारात रंगाच्या वाट्या घेऊन बसलेले.

"तुमास्नी राणी कलर, काकू."

"या वयात राणी?"

"मंग! राजाची नाव हाय, तर राणी नगं व्हय?"

काकांना पिवळा मिळाला. ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "घ्या, पुन्हा हळद लागली." काकू म्हणाल्या, "परत मीच मिळणार, हौस भागवून घ्या." मी हिरवी, ताई निळी, दादा जांभळा, अण्णांचा नेहमीचा गेरू.

काका शाळेच्या पोरासारखे सगळीकडे फिरत होते. पुढच्या टोकाला झोपायची जागा असते, तिथं आडवे होऊन आले, पायऱ्या चढून-उतरून आले, सगळीकडे पिवळंच पिवळं. दादाचं डोकं दोनदा कपाटाला आपटलं. काकू मात्र मधल्या टेबलापाशी बसल्या त्या बसल्याच. मी त्यांच्या शेजारी. त्यांना काय कुठं आहे ते सांगायचं, हेच माझं काम होतं दिवसभर. म्हटलं, "काकू, पुढं जाऊन बघू या?" तर "तुम्हीच बघा. मला इथंच बसू दे." टेबलाची कड, बाकाची पाठ आणि मी... याच्यापलीकडे त्यांनी कशालाही हात लावला नाही.

दुपारी पिठलं-भाकरी तयार झाली. अण्णा समोर कांदा फोडत होते. काका आणि दादा पायऱ्यांवर बसून दिवे कुठं लावायचे त्यावर वाद घालत होते. ताई बाहेर फोनवर. आणि काकू हळूच म्हणाल्या,

"प्रज्ञा, हे हलतंय का गं?"

मी हसले. "काकू, खाली सिमेंटचा कोबा आहे."

आणि मग मला कळलं, की हलतंय.

कसं सांगू... पाळण्यासारखं नव्हतं ते. सगळं एका बाजूला कलत गेलं, कलत गेलं आणि तिथंच थांबलं. मी समोरच्या ताकाच्या ग्लासकडे बघितलं, तर ताक सपाट. थेंबभर इकडे-तिकडे नाही. अण्णांचा कांदा जागच्या जागी. म्हणजे डोळे सांगतायत काही झालेलं नाही, आणि अंग सांगतंय पडलीस तू. काकूंनी दोन्ही हातांनी माझा दंड धरला होता, तोंड माझ्या खांद्यात खुपसलेलं. त्यांची नखं मला लागत होती. किती वेळ गेला, खरंच माहीत नाही.

"गेलं," काकू म्हणाल्या. आणि खरंच गेलं होतं.

मी त्यांना बाहेर आणलं, उन्हात खुर्ची टाकून दिली. गल्ली रिकामी, एक कांद्याचा टेम्पो तेवढा उभा. माझ्या डोक्यात एकच, संपलं. आता या कसल्या हो म्हणतात! वाईट वाटत होतं. काकांकडे तर मी बघितलंच नाही.

ताई दिवा आणि कॅमेरा घेऊन फोटो काढायला आत गेली होती. तिची हाक आली.

"प्रज्ञा! काकूंना पुढं कोणी नेलं होतं?"

"कोणीच नाही!"

"इकडे ये."

मी आत गेले. राणी कलर. पुढच्या झोपायच्या जागेपासून सुरू. पण कुठं कुठं! छताच्या कोपऱ्यात. खालच्या कपाटाच्या दाराला, जमिनीला लागून. टेबलाच्या खालच्या अंगाला. जिथं माणसाचा हात जायचं काही कारणच नाही अशा जागी, स्वच्छ, अख्खे तळवे. आणि शेवटचा पायरीच्या वर, बाहेरच्या कडेला.

दादा भडकला. "प्रज्ञा, ही चेष्टा करायची वेळ आहे का?"

"दादा, मी त्यांच्या शेजारून हलले नाहीये! ही बाही बघ." माझी बाही दंडापर्यंत राणी कलरची झाली होती.

"ती न्हाई हालली," अण्णा म्हणाले. "म्या समोर व्हतो. बाईबी उठल्या न्हाईत. आन रंगाची वाटी माझ्यापाशी व्हती, झाकून."

दादानं माझ्या बाहीवरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, "पण इथं हात लावेल कोण? छताला?"

मला काय सुचलं काय माहीत. मी लॅपटॉप उघडला, मॉडेलमध्ये ताई सांगेल तिथं एकेक ठिपका टाकत गेले. सगळीकडे विखुरलेले, काही अर्थ नाही. मग मी बोट एका बाजूला कलवायला लागले. अजून थोडी... अजून... आणि एका ठिकाणी सगळे ठिपके एका रेषेत आले. कंबरेच्या उंचीवर. पुढच्या टोकापासून पायऱ्यांपर्यंत. छत भिंत झालं होतं आणि बाजूची भिंत जमीन. बोट आडवी पडली असती तर बाहेर यायची हीच वाट होती.

मी लॅपटॉप ताईकडे फिरवला.

ताईनं स्क्रीनवरची बोट परत सरळ केली, परत कलवली. मग म्हणाली, "आपण आजपर्यंत सगळ्या बोटी सपाट कोब्यावर राहून बघितल्या गं." म्हणजे कॉम्प्युटरवर आम्ही बोट कलवतो, हजारदा कलवतो, पण तेव्हा आत माणूस नसतो. आणि माणसं घालतो तेव्हा बोट सरळ उभी असते. इतकी वर्षं हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. समुद्रापासून इतकं लांब बसून काम करणाऱ्यांचीच ही चूक. अण्णा पायानं खालचा प्लाय दाबून बघत होते. "समुद्र काय कोबा असतोय व्हय..." एवढंच म्हणाले, ते पण स्वतःशीच.

काकूंना काय सांगायचं यावर आमची कुजबुज चालली होती, तर त्या दारात येऊन उभ्या. काकांचा हात धरून. "ऐकू येतं मला," म्हणाल्या. "दाखवा कुठं आहेत ते."

मी त्यांचा हात पहिल्या ठशावर नेऊन ठेवला. बरोब्बर बसला. बोटाला बोट. मग मी सोडून दिलं त्यांना. जमीन सपाट असल्यामुळे ते फारच विचित्र दिसत होतं. एकदा वाकायचं, एकदा टाचा उंचावायच्या, एकदा चक्क टेबलाखाली शिरायचं. काका 'सावकाश, अगं सावकाश' करत मागं. काकूंनी डोळे मिटलेले होते. आणि एकदाही चाचपडल्या नाहीत. पायऱ्या चढून बाहेर आल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या,

"येते मी. बोट करा तुमची."

काका रडले. दादा पण, पण तो म्हणतो कांद्यामुळे.

पुढं काय, त्या सगळ्या जागांवर दांड्या बसवल्या. दादा 'ही बोट आहे का व्यायामशाळा' म्हणत होता, पण एकही कमी केली नाही त्यानं. आता आमचं बिऱ्हाड तिरकं पण होतं. प्लायवूडच्या त्या बोटीखाली जॅक लावून कलवतो, आणि मग सगळे राहतात. परवा दादा पिठल्यासकट घसरला. बोट पाण्यात उतरली, काका-काकू राहायला गेले, मला फोटो पाठवतात. सगळं छान आहे.

फक्त एक गोष्ट. त्याच संध्याकाळी फोटो मोठे करून बघताना माझ्या लक्षात आलं की त्या वाटेवर पिवळा कुठंच नाही. काका सगळीकडे हात लावून फिरले होते, पण त्या वाटेवर फक्त राणी कलर. एकटाच. मी ताईला दाखवलं. तिनं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बंद कर ते." त्यानंतर आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. पण ते डोक्यातून जात नाही ना! बोट आडवी झालीय, काकू बाहेर येतायत, आणि काका कुठं आहेत?

पप्पांना सांगितलं होतं सगळं. त्यांनी खूप उलटतपासणी घेतली. रंग, बाही, शेजारचं मशीन, सगळं. शेवटी म्हणाले, "नाही कळत मला. आणि जे कळत नाही त्याला नाव देऊ नको."

बरं, आता आजचा फोन. काकूंचा. उद्या सकाळी ते गोव्याहून कोचीकडे निघतायत. पहिल्यांदाच एवढा लांबचा पल्ला. मी 'अरे वा, मस्त' वगैरे बोलत होते आणि डोक्यात तो नसलेला पिवळा. सांगू की नको? सांगून काय होणार? तर त्याच म्हणाल्या,

"हे आंघोळीला गेलेत म्हणून आत्ता केला फोन. एक विचारते, खरं सांग. त्या वाटेवर यांचा पिवळा होता का गं?"

मला खोटं बोलता नाही आलं. "नाही, काकू."

मागं पाणी आपटल्याचा आवाज.

"फोटो आहेत का तुझ्याकडे? उघड. अंगठे कुठल्या बाजूला आहेत बघ."

मी लॅपटॉपवर फोटो उघडले. एकेक बघत गेले. सगळे उजव्या हाताचे. एकूणएक! डावीकडच्या भिंतीवर, जिथं डावा हात सहज पोचतो, तिथंही उजवाच, अंग पिळून आडवा टाकलेला. इतक्यांदा बघितलेत मी ते फोटो, आणि हे कधी दिसलं नव्हतं. आम्ही रंग बघत होतो, जागा बघत होतो. हात कुठला हे कोणी बघितलंच नाही.

मी सांगितलं. आणि काकू हसल्या हो! मोकळं हसल्या.

"मग माझ्या डाव्या हातात हे असणार, दोन्ही हातांनी मलाच धरून. यांचा पिवळा भिंतीवर उमटायला मी हात सोडायला हवा ना त्यांचा." मग आवाज बदलून, "चल, आले हे बाहेर, ठेवते." आणि कट.

एवढंच. माझ्याकडे याचं काही म्हणजे काही एक्सप्लेनेशन नाही. ते कलणं काय होतं, रंग भिंतीवर कसा गेला, आणि काकू म्हणतात ते खरं की मला वाटत होतं ते... मला नाही माहीत. काकूंचं खरं असावं असं मला खूप वाटतंय, पण वाटणं वेगळं.

म्हणून विचारते, आणि प्लीज आज तरी कोणी 'झोप पूर्ण घे' लिहू नका. तुमच्यापैकी कुणाला, जे अजून घडलेलं नाही त्याच्या खुणा आधीच दिसल्यात का? आणि मग ते घडलं का? घडलं तर माणसं सगळी नीट होती ना? जे असेल ते लिहा, पण लवकर लिहा. ते उद्या सकाळीच निघतायत.